सिस्टरला काढायचे, की कार्ट्रिज वॉर्डातून काढायची?

एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या साठ खाटांच्या खासगी रुग्णालयात गेली पाच वर्षे व्यवस्थापक असलेल्या वाचकाचे हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा गोषवारा येथे देत आहोत. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात मधुमेहाच्या एका ५८ वर्षांच्या रुग्णाला रात्रीच्या जेवणाआधी २० युनिट इन्सुलिन द्यायचे होते. वॉर्डच्या फ्रिजमधली ४० युनिट प्रति मिलीची व्हायल संपली होती, म्हणून नातेवाइकांच्या हाती चिठ्ठी देऊन खालच्या मेडिकलमधून इन्सुलिन मागवले गेले. मेडिकलने १०० युनिट प्रति मिलीची, पेनमध्ये बसवायची कार्ट्रिज दिली. वॉर्डात पेन नव्हते. नुकत्याच ड्यूटीवर आलेल्या सिस्टरने नेहमीच्या लाल टोपणाच्या सिरिंजने कार्ट्रिजमधून २० च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढले आणि टोचले. रात्री दोनच्या सुमारास रुग्ण घामाने निथळलेला आणि हाकेला ओ न देणारा आढळला. साखर ३४ होती. शिरेतून ग्लुकोज देऊन आणि दोन दिवस आयसीयूत ठेवून रुग्ण सावरला व घरी गेला. ग्लुकोज सुरू असतानाच सिस्टरने स्वतःहून आरएमओला, म्हणजे निवासी डॉक्टरांना, ती कार्ट्रिज दाखवली, त्यामुळे चूक कळली.

रुग्णालयाचे मालक-संचालक स्वतः सर्जन आहेत. त्यांचे म्हणणे असे की, सिस्टरला कामावरून काढावे, म्हणजे इतरांना वचक बसेल. वॉर्डांत कॅमेरे लावावेत. आणि सर्व परिचारिकांकडून ‘यापुढे चूक झाल्यास मी जबाबदार राहीन’ असे लिहून घ्यावे. नातेवाइकांना ‘साखर अचानक उतरली’ एवढेच सांगण्यात आले आहे. निर्णय सोमवारच्या बैठकीत व्हायचा आहे. पत्रलेखक विचारतात : तिला काढणे योग्य आहे का? नातेवाइकांना खरे सांगावे का? आणि अशा चुका पुन्हा होऊ नयेत म्हणून, स्वतः डॉक्टर नसलेल्या माणसाने, म्हणजे व्यवस्थापनाने, नेमके करायचे तरी काय?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात लक्ष त्या सिस्टरकडे गेले, दुसऱ्या वाचनात मात्र पत्राच्या शेवटाकडे ओझरत्या आलेल्या एका वाक्यावर ते अडले. तुम्ही लिहिले आहे की, एप्रिलपासून भांडवल अडकून राहू नये म्हणून वॉर्डांतला औषधसाठा निम्म्यावर आणला आणि त्याचे परिपत्रक तुमच्याच सहीने निघाले. हे वाक्य तुम्ही खर्चाच्या संदर्भात लिहिले आहे, चुकीच्या संदर्भात नव्हे. माझ्या मते तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच वाक्यापासून शोधायला हवीत. आणि असे म्हणताना दोष सिस्टरवरून उचलून तुमच्या माथी मारण्याचा माझा हेतू नाही, हे आधीच सांगते.

त्या रात्री हातात काय घडले ते आधी पाहू. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांमध्ये मिळते. साध्या व्हायलमध्ये बहुधा एका मिलीत ४० युनिट असतात आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पेनच्या कार्ट्रिजमध्ये एका मिलीत १०० युनिट असतात आणि त्या तीव्रतेची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. लाल टोपणाच्या सिरिंजवर जिथे २० लिहिलेले असते, तिथे प्रत्यक्षात अर्धा मिली द्रव मावतो. व्हायलमधून अर्धा मिली घेतला तर २० युनिट जातात. कार्ट्रिजमधून तेवढाच घेतला तर ५० जातात. सिरिंजवरचा आकडा बदलत नाही, औषधाचा रंगही दोन्हीकडे सारखाच. सिस्टरने चार्ट वाचला, आकडा बरोबर वाचला, रेघ बरोबर पकडली आणि तरीही अडीचपट इन्सुलिन गेले. म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘हलगर्जीपणा’ म्हणतो, तो इथे मला शोधूनही सापडत नाही.

आता याच चुकीची उलटी बाजू पाहा, कारण व्यवस्थापक म्हणून तिने तुमची झोप अधिक उडवायला हवी. कुणी ४० च्या व्हायलमधून नारिंगी टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत औषध घेतले, तर रुग्णाला केवळ ८ युनिट मिळतात. तो बेशुद्ध पडत नाही, रात्री कुणाची धावपळ होत नाही. सकाळी साखर २८० येते, राउंडला आलेले डॉक्टर डोस वाढवतात, पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरकडे योग्य सिरिंज असते आणि वाढवलेला डोस पूर्णच्या पूर्ण जातो. अशा चुका तुमच्याकडे आजवर झाल्याच नसतील, असे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल का? तुम्हाला दिसलेली चूक ही फक्त आवाज करून गेलेली चूक आहे.

संचालकांच्या प्रस्तावाच्या मुळाशी एक गृहीतक आहे : चूक माणसात असते, म्हणून माणूस बदलला की चूक जाते. ते तपासून पाहण्याची एक सोपी रीत आहे. तुमच्या रुग्णालयातली सर्वांत जाणती, सर्वांचा विश्वास असलेली सिस्टर डोळ्यांपुढे आणा आणि तिला त्या रात्री त्याच जागी उभी करा. आठ वाजता ड्यूटी बदलली आहे, हँडओव्हर अजून चालू आहे, बत्तीस रुग्णांमागे दोन सिस्टर आहेत, त्याच वेळी जेवणाचे डबे आले आहेत आणि जेवणाआधीचे इन्सुलिनही त्याच अर्ध्या तासात द्यायचे आहे. फ्रिजमध्ये व्हायल नाही. नातेवाईक खालून जे घेऊन आले ते आपल्याच मेडिकलने दिलेले आहे, म्हणजे बरोबरच असणार. पेन नाही, पण सिरिंज आहे. ती जाणती सिस्टरसुद्धा हेच करील, अशी शंका तुमच्या मनात क्षणभर जरी आली, तर प्रश्न या सिस्टरचा उरत नाही. तिच्या जागी उद्या येणारी तेवीस वर्षांची मुलगीही त्याच फ्रिजसमोर, त्याच घाईत आणि तीच सिरिंज हातात घेऊन उभी राहणार आहे, आणि तिला तर हा अनुभवही नसेल.

त्या अर्ध्या तासातल्या गोष्टी एकेक करून उचला. फ्रिजमधला साठा कुणी ठरवला? व्यवस्थापनाने. चिठ्ठीवर तीव्रता न लिहिता नुसते औषधाचे नाव लिहून नातेवाइकांना खाली पाठवण्याची पद्धत कुणी चालू दिली? मेडिकल चालवायला देताना वॉर्डात जाणाऱ्या इन्सुलिनबद्दल करारात एक ओळही कुणी घातली नाही? जेवणाची वेळ आणि ड्यूटी बदलण्याची वेळ एकमेकांवर आदळते, हे रोस्टर करताना कुणाच्या लक्षात आले नाही? यांतला एकही निर्णय सिस्टरचा नाही. सगळे निर्णय दिवसाउजेडी, चहा पीत, टेबलावर घेतले गेले आहेत आणि त्यांतला कुठलाही निर्णय एकटा घेतला तर चुकीचा वाटत नाही. साठा कमी करणे हीदेखील चांगल्या व्यवस्थापकाची खूण मानली जाते. पण ते सगळे एका रात्री, एका खाटेपाशी एकत्र आले आणि तिथे जी उभी होती तिच्या नावावर जमा झाले.

तिला काढले तर काय होईल? मला वाटते, त्या दिवसापासून तुम्हाला चुका कळणे बंद होईल. तिने कार्ट्रिज स्वतः दाखवली नसती तर आरएमओने ‘जेवण कमी झाले असावे’ असे लिहून केस पेपर मिटवला असता आणि तुम्हाला हे पत्र लिहिण्याची वेळच आली नसती. तुमच्याकडे जी एकमेव गोष्ट व्यवस्थित चालली, ती म्हणजे तिचे खरे बोलणे. आणि शिक्षा नेमकी तिलाच होणार आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात २०१७ च्या डिसेंबरमध्ये एका परिचारिकेने तपासणीपूर्वी द्यायच्या शामक औषधाऐवजी स्नायू लुळे करणारे औषध दिले, रुग्ण दगावला आणि आपली चूक तिने स्वतःच कबूल केली. २०२२ साली तिच्यावर फौजदारी गुन्हा सिद्ध होऊन तीन वर्षांच्या प्रोबेशनची, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची, शिक्षा झाली, तेव्हा तिथल्या परिचारिकांच्या संघटनांनी हीच भीती बोलून दाखवली होती की, आता कोण आपणहून सांगेल. आपल्याकडेही ही भीती निराधार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कमाल शिक्षा पाच वर्षांची आहे. वैद्यकीय उपचार करताना असे घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरांसाठी ती दोन वर्षांची ठेवली आहे. ही सवलत शब्दशः डॉक्टरांपुरती आहे, त्या ओळीत परिचारिका येत नाही. तुमच्या सिस्टरांनी कायदा वाचला नसेलही, पण कुणाला वाचवले जाते आणि कुणाला पुढे केले जाते, हे त्यांना नेमके ठाऊक असते.

इथे माझीच एक जुनी गोष्ट सांगते. मीही बारा वर्षे एका रुग्णालयाच्या प्रशासनात काढली आहेत. तिथे एका सिस्टरकडून चुकीच्या बाटलीबद्दल मी लेखी माफीनामा घेतला आणि तो नोटीस बोर्डावर लावला. त्यानंतरचे चौदा महिने आमची घटना-नोंदवही कोरी होती आणि मी ती पाहुण्यांना कौतुकाने दाखवत असे. पुढे नोकरी सोडून जाताना एका इन्चार्ज सिस्टरने निरोपाच्या चहाच्या वेळी त्या चौदा महिन्यांतले सहा प्रसंग मला बोटांवर मोजून दाखवले. एकही जीवघेणा ठरला नव्हता, हे आमचे नशीब. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या मानांकनाची तुम्ही तयारी करत आहात आणि नोंदवहीत चुका दिसल्या तर तपासणीच्या वेळी अडचण होईल, असे लिहिता. साठ खाटांच्या रुग्णालयात वर्षभर एकही चूक नोंदली गेली नसेल, तर जाणत्या तपासनीसाला आधी तिथेच संशय येतो.

याचा अर्थ कधीच कुणावर कारवाई करू नये, असा नाही. कुणी ड्यूटीवर दारू पिऊन आले, दिलेच नाही ते औषध दिल्याची सही केली, चूक कळल्यावर चार्ट खाडाखोड करून बदलला किंवा धोका माहीत असूनही वारंवार सांगितलेला नियम धुडकावला, तर तिथे शिस्तीची कारवाई व्हायलाच हवी. मग ती व्यक्ती सिस्टर असो, आरएमओ असो की स्वतः सर्जन असो. हे शेवटचे नाव मी मुद्दाम घेतले आहे. सहकाऱ्यांना न्याय दिसतो तो एकाच तराजूतून. रुग्णाला इजा किती झाली यावर शिक्षा ठरवणे सोपे असते, पण ते बरोबर नाही, कारण तीच कृती कधी काहीच न होता निभावून जाते आणि कधी जीव घेते. माणूस काय करत होता आणि त्याला काय माहीत होते, एवढेच पाहावे.

संचालकांना हे पटवताना करुणेची भाषा फारशी उपयोगी पडणार नाही, असा माझा अंदाज आहे. त्यांना कायद्याची बाजू सांगा. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते, ज्यात परिचारिकेने शिरेतून दिलेल्या चुकीच्या इंजेक्शनमुळे एका लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी रुग्णालयावर टाकली. चूक आमच्या कर्मचाऱ्याची होती, असे म्हणून रुग्णालय मोकळे झाले नाही. म्हणजे सिस्टरला काढल्याने रुग्णालयाची जबाबदारी रुपयाभरही कमी होत नाही. तिच्याकडून लिहून घेतलेल्या कागदाने तर मुळीच होत नाही. उलट ‘चुका होतात हे व्यवस्थापनाला ठाऊक होते आणि त्यावर त्यांनी केले ते एवढेच’, असा पुरावा आपण आपल्याच हाताने तयार करून ठेवतो.

नातेवाइकांबद्दल माझे मत स्पष्ट आहे : त्यांना सांगायला हवे. ‘साखर अचानक उतरली’ हे वाक्य खोटे नाही, पण ते अर्धे आहे, आणि राहिलेले अर्धे एखाद्या दिवशी वॉर्डातल्या मामांकडून किंवा मेडिकलच्या पोऱ्याकडून त्यांच्या कानी जाईल, तेव्हा तुमच्याबद्दलचा राग चुकीपेक्षा लपवाछपवीचा असेल. त्यांनी केस पेपरची प्रत मागितली तर ७२ तासांत ती द्यावी लागते, हेही विसरू नका. खरे सांगितले की खटले वाढतात, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून चूक झाल्यास आपणहून सांगायचे, माफी मागायची आणि भरपाई देऊ करायची, असे धोरण ठेवले. त्याचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा नव्या दाव्यांचे प्रमाण रुग्णांच्या दर एक लाख भेटींमागे ७.०३ वरून ४.५२ वर आल्याचे दिसले. तिथला कायदा आणि तिथली माणसे वेगळी, हे मान्य. आपल्याकडे काच फुटण्याची भीती असते आणि ती कल्पित नाही. रुग्णालयांवरचे हल्ले रोखण्यासाठी २०१० चा स्वतंत्र राज्य कायदा करावा लागला, यातच सगळे आले. पण तुमचा रुग्ण बरा होऊन घरी गेला आहे. खरे सांगण्यासाठी याहून बरी वेळ मिळणार नाही.

सांगण्याची रीत मात्र विचारपूर्वक ठरवा. आधी तुमच्या व्यवसाय-विमा कंपनीला आणि वकिलांना कळवा, कारण विम्याच्या अटींमध्ये तसे कळवणे बहुधा बंधनकारक असते. मग उपचार करणारे डॉक्टर आणि तुम्ही, असे दोघे बसा. सिस्टरला पुढे करू नका. स्वागतकक्षात उभ्याउभ्या नको, खोलीत बसून, रुग्ण आणि घरातले एक-दोन जाणते लोक असताना बोला. काय झाले, त्यामुळे शरीरावर काय परिणाम झाला, पुढे काय काळजी घ्यायची आणि रुग्णालयाने काय बदलले, एवढे साध्या शब्दांत सांगा. आयसीयूच्या दोन दिवसांचे बिल घेतले असेल तर परत करा. आपल्या चुकीचे पैसे रुग्णाकडून घेणे मला कुठल्याही हिशेबात बसत नाही. आणि केस पेपरमधले एक अक्षरही आता बदलू नका. काही भर घालायचीच असेल तर आजची तारीख व वेळ टाकून, वेगळी नोंद म्हणून घाला.

आता तुमचा तिसरा प्रश्न, जो माझ्या मते तुमचा खरा अधिकार कुठे आहे ते दाखवतो. डॉक्टर नसल्याने आपण काय करणार, असे तुम्ही लिहिले आहे; पण खरेदी, साठा, रोस्टर आणि करार या चारही किल्ल्या तुमच्याकडेच आहेत.

इन्सुलिनपासून सुरुवात करा. वॉर्डात एकच तीव्रता राहील, असे ठरवा. व्हायल ४० ची ठेवायची तर सिरिंजही फक्त लाल टोपणाच्या, आणि नारिंगी टोपणाची एकही सिरिंज इमारतीत नको. ज्या रुग्णाचे स्वतःचे पेन आहे, त्याच्या पेनवर त्याचे नाव चिकटवा आणि ते त्याच्यापुरतेच वापरा. सिरिंजने कार्ट्रिजमधून औषध ओढणे पूर्ण बंद. वॉर्डची चिठ्ठी असेल तर कार्ट्रिज द्यायचीच नाही, हे मेडिकलच्या करारात लिहा. फ्रिजमध्ये किमान दोन व्हायल राहतील आणि एक उरली की मागणी जाईल, एवढा साठा परत आणा. त्यात अडकणारी रक्कम आयसीयूच्या एका दिवसाच्या बिलापेक्षा कितीतरी कमी आहे. चार्टवर युनिटसाठी नुसते इंग्रजी ‘यू’ अक्षर लिहू नये, पूर्ण शब्द लिहावा, कारण घाईत लिहिलेले ते अक्षर शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात. औषधे सुवाच्य, शक्यतो मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहावीत, हा डॉक्टरांसाठीचा नियम २०१६ पासून आहेच. तो तुमच्या रुग्णालयात किती पाळला जातो, हे केस पेपरांचा गठ्ठा चाळून पाहा.

इन्सुलिनवर थांबू नका. पोटॅशियम क्लोराइडची दहा मिलीची ॲम्प्युल आणि डिस्टिल्ड वॉटरची दहा मिलीची ॲम्प्युल एका ट्रेमध्ये शेजारी ठेवून बघा. अँटिबायोटिकची पावडर विरघळवताना रात्री तीन वाजता हात दुसरीऐवजी पहिलीकडे गेला, तर हृदय बंद पडायला वेळ लागत नाही. तिथे ‘नीट वाचा’ अशी सूचना चिकटवण्यात अर्थ नाही. पोटॅशियमची ॲम्प्युल साध्या वॉर्डाच्या ट्रॉलीवरून काढा, आयसीयूत वेगळ्या कुलूपबंद खणात ठेवा आणि वॉर्डात लागेल तेव्हा तिथून मिसळूनच पाठवा. याला जोडून एक अप्रिय गोष्ट : मेडिकलवाले दर महिन्याला ज्या कंपनीत जास्त सुटते तिचा माल आणतात, त्यामुळे त्याच औषधाचे लेबल, टोपण आणि रंग सतत बदलतात. सिस्टरचा हात लेबल वाचण्याआधी रंग ओळखतो. धोक्याच्या दहा-बारा औषधांचा ब्रँड वर्षभर बदलणार नाही, असे ठरवले तर मार्जिन थोडे कमी होईल. त्याचा हिशेब बैठकीत मांडा, लपवू नका.

रोस्टरमध्ये ड्यूटीची वेळ साडेसात करा किंवा जेवण पुढे ढकला, पण हँडओव्हर आणि इन्सुलिन एकाच अर्ध्या तासात येऊ देऊ नका. औषधांच्या राउंडला जी सिस्टर आहे, तिने त्या वेळात फोन घ्यायचा नाही आणि नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तर द्यायचे नाही. ते काम तेवढ्यापुरते मावशींवर किंवा दुसऱ्या सिस्टरवर सोपवा. फोनवरून डॉक्टरांनी दिलेला डोस ऐकणाऱ्याने उलट वाचून दाखवायचा आणि डॉक्टरांनी ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. इन्सुलिनचा डोस दोघींनी स्वतंत्रपणे तपासावा, हा नियमही चांगला आहे. पण बत्तीस रुग्णांमागे दोघीच असतील, तर दुसरी सही पहिलीवर विसंबून होते आणि नियम फक्त कागदावर उरतो. माणसे वाढवता येत नसतील तर निदान दोन सह्यांचा देखावा करू नका.

देखाव्याबद्दल थोडे अधिक, कारण मानांकनाच्या तयारीत तो हटकून शिरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी-यादी आणली. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात सरकारी धोरणामुळे अशीच यादी रुग्णालयांत सरसकट आली. तिथल्या १०१ रुग्णालयांची आकडेवारी २०१४ साली प्रसिद्ध झाली आणि फरक जवळजवळ पडलेला नव्हता. यादी साधारण त्याच धर्तीची होती. बहुधा पहिल्या ठिकाणी लोक थांबून एकमेकांशी बोलत होते आणि दुसऱ्या ठिकाणी पुष्कळदा खुणाच केल्या जात होत्या. याच्या अगदी उलट, मिशिगनमधल्या शंभराहून अधिक आयसीयूंत शिरेतल्या मोठ्या नळीमुळे होणारे जंतुसंसर्ग पाच साध्या पायऱ्यांनी झपाट्याने कमी झाले, त्यात एक महत्त्वाची अट अशी होती की, डॉक्टरने पायरी वगळली तर परिचारिकेने त्याला तिथेच थांबवायचे. तुमच्या रुग्णालयात एखादी सिस्टर संचालकांना ‘सर, थांबा’ असे म्हणू शकते का? म्हणाली तर दुसऱ्या दिवशी तिची ड्यूटी कुठे लागते? हे तुम्ही मला कळवण्याची गरज नाही, पण संचालकांना विचारण्याची आहे. कॅमेऱ्यांवर खर्च करण्याआधी तर नक्कीच. कॅमेऱ्यात त्या रात्री काय दिसले असते? एक सिस्टर सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत औषध ओढताना दिसली असती, आणि ते पाहणाऱ्या कुणालाही काही वावगे वाटले नसते.

थोडक्यात टळलेल्या चुकांसाठी एका पानाचा मराठी फॉर्म करा, ज्यात नाव लिहायची जागाच नसेल : काय झाले, केव्हा, आणि तुमच्या मते कशामुळे. दर बुधवारी मेट्रन (परिचारिकांच्या प्रमुख), मेडिकलचा प्रमुख आणि तुम्ही अर्धा तास बसून ते वाचा आणि एका गोष्टीचे तरी काय केले, ते पुढच्या आठवड्यात वॉर्डात जाऊन सांगा. पहिल्या तीन महिन्यांत फॉर्म वाढले तर संचालक घाबरतील. त्यांना आधीच सांगून ठेवा की ते वाढायलाच हवेत.

हा मजकूर वाचणाऱ्या दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांना वाटेल की, हे सगळे मोठ्यांसाठी आहे. तुमच्याकडे मालक, डॉक्टर आणि व्यवस्थापक एकच असल्याने उलट हे एका दुपारी करता येते : ट्रॉली रिकामी करा, सारख्या दिसणाऱ्या ॲम्प्युल वेगळ्या करा आणि सिस्टरला विचारा की, तिला कशाची भीती वाटते. नातेवाइकांनीही एवढे करावे : बाहेरून आणलेले औषध खोक्यासकट सिस्टरच्या हाती द्यावे आणि ‘आधीचे हेच होते ना?’ असे न लाजता विचारावे.

आता त्या सिस्टरबद्दल. ती घरी बसून आहे आणि फोन उचलत नाही, असे तुम्ही लिहिता. ज्याच्या हातून इजा होते, तो माणूसही आतून मोडतो आणि पुष्कळ जण त्यानंतर हा पेशाच सोडतात. तिला मेट्रननी घरी जाऊन भेटावे, बैठकीआधी. या दिवसांचा पगार कापू नये. परत येईल तेव्हा पहिले काही आठवडे तिला जाणत्या सिस्टरच्या जोडीला, दिवसाच्या ड्यूटीवर ठेवावे. आणि इन्सुलिनबद्दलची नवी पद्धत लिहिताना तिला सोबत घ्यावे, कारण ती चूक नेमकी कशी होते, हे तुमच्या इमारतीत तिच्याइतके कुणालाच माहीत नाही.

सोमवारी बैठकीला जाताना एक कार्ट्रिज आणि लाल टोपणाच्या चार-पाच नव्या सिरिंज बरोबर न्या. औषध वाया घालवायचे नसेल तर रिकाम्या कार्ट्रिजमध्ये पाणी भरा. चर्चा सुरू होण्याआधी त्या टेबलावर ठेवा आणि संचालकांसकट सगळ्यांना काही न सांगता विनंती करा की, प्रत्येकाने यातून २० युनिट काढून दाखवावे. किती जण २० च्या रेघेवर थांबतात ते मोजा, मग विषयपत्रिका उघडा. आणि बैठक संपल्यावर त्या सिरिंज तिथल्या केराच्या टोपलीत जाऊ देऊ नका. वॉर्डातल्या सुयांसाठीच्या पांढऱ्या डब्यात टाका.